निवडायचा होता गिअरबॉक्स, शोधावा लागला फायनल ड्राइव्ह

माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समधील तेल काढण्यासाठी खालचा चुंबकी बोल्ट सोडवला, तेव्हा त्याला चिकटून दोन दात बाहेर आले. एक मुळापासून तुटलेला, जवळजवळ अख्खा होता. दुसऱ्याचा फक्त कोपरा होता. पुसून उजेडात धरल्यावर अख्ख्या दाताच्या तुटलेल्या बाजूवर दोन पट्टे दिसले: मुळाजवळ गुळगुळीत, काळपट पडलेली भेग आणि तिच्या पुढे साखरेच्या कणांसारखा चमकणारा, खरबरीत भाग. म्हणजे दात त्या दिवशी निखळला असला, तरी तडा त्याच्या कितीतरी आधी गेलेला होता. यात दोष माझाच होता. जे इंजिन मुळात सुमारे १६० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, त्याच्या जोडीच्या गिअरबॉक्समधून मी टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र) बसवल्यानंतर २७० च्या आसपास टॉर्क पाठवत होतो, आणि तोही बहुतेक वेळा तिसऱ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवरून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून.

गाडी १९९९ सालची माझदा एमएक्स-५ आहे, १.८ लिटर इंजिन, मागच्या चाकांना जोर, पाच गिअर आणि ४.३०० चा फायनल ड्राइव्ह (मागच्या चाकांआधीची शेवटची गिअर-जोडी; चाकाच्या एका फेरीला तिच्यात शाफ्टच्या ४.३ फेऱ्या लागतात). माझ्यापुढे तीन पर्याय होते. तसाच दुसरा पाच गिअरचा बॉक्स आणून बसवणे, याच पिढीच्या गाड्यांत आलेला सहा गिअरचा बॉक्स घेणे, किंवा एखाद्या मोठ्या गाडीचा दणकट गिअरबॉक्स ॲडॉप्टर प्लेट लावून जोडणे. तिसऱ्या पर्यायात गाडीचा मधला बोगदा कापणे, गिअरबॉक्सचा जोर मागे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट नव्याने बनवणे आणि गिअर लिव्हरची जागा बदलणे ही कामे ओघाने येतात, आणि २७० न्यूटन-मीटरसाठी एवढा खटाटोप करणे मला पटले नाही. सरळ दातांचा, सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) नसलेला रेसिंगचा बॉक्स तर रोजच्या गाडीत मी बसवणारच नव्हतो. त्याचा आवाज पहिल्या दिवशी आवडतो, आठव्या दिवशी नाही.

सहा गिअरच्या बॉक्सच्या बाजूने एक ठळक गोष्ट होती. २००४ आणि २००५ मध्ये माझदाने स्वतः या गाडीची टर्बो आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यात सहा गिअरचाच बॉक्स दिला होता. हा बॉक्स पाच गिअरच्या बॉक्सपेक्षा जास्त टॉर्क सहन करतो, हे या गाड्यांवर काम करणाऱ्यांमध्ये सर्वमान्य आहे. तेव्हा निर्णय झाला असे मी धरून चाललो होतो. सहा गिअर म्हणजे गिअर एकमेकांच्या जवळ, शेवटचा गिअर अधिक निवांत आणि बॉक्सही मजबूत, एवढा माझा सरळ हिशेब होता. तो चुकीचा होता, हे कागद-पेन्सिल घेतल्यावर कळले.

पाच गिअरच्या बॉक्सची गुणोत्तरे (बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या) ३.१३६, १.८८८, १.३३०, १.००० आणि ०.८१४ अशी आहेत. सहा गिअरच्या बॉक्सची ३.७६०, २.२६९, १.६४५, १.२५७, १.००० आणि ०.८४३ अशी आहेत. शेवटचे आकडे पुन्हा पाहावेत. सहावा गिअर ०.८४३, तर जुन्या बॉक्सचा पाचवा ०.८१४; म्हणजे ज्या गिअरच्या लोभाने मी हा बॉक्स घेणार होतो, तो माझ्या जुन्या शेवटच्या गिअरपेक्षा जास्त फेरे मागणारा निघाला. जादा गिअर वरच्या टोकाला नाही, खालच्या टोकाला वाढवला आहे.

माझ्या गाडीला १९५/५०, १५ इंची टायर आहेत. त्यांचा व्यास सुमारे ५७६ मिलिमीटर आणि परीघ १.८१ मीटर भरतो. फायनल ड्राइव्ह ४.३०० च ठेवून सहा गिअरचा बॉक्स लावला असता, तर ताशी १०० किलोमीटरला शेवटच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ३३४० फेऱ्यांवर फिरले असते. जुन्या बॉक्सवर तेच ३२२० होते. पहिल्या गिअरची अवस्था तर याहून वाईट झाली असती, कारण ३.७६० गुणिले ४.३०० म्हणजे १६.१७, आणि या गुणाकाराने ७००० फेऱ्यांना गाडी जेमतेम ताशी ४७ किलोमीटर गाठते. टर्बो नसलेल्या इंजिनाला असा आखूड पहिला गिअर कदाचित शोभला असता. टर्बोच्या इंजिनाला तो निरुपयोगी असतो, आणि का, हे थोडे सविस्तर सांगायला हवे.

टर्बोला बूस्ट (हवेचा जादा दाब) तयार करण्यासाठी नुसते फेरे पुरत नाहीत, इंजिनावर भार लागतो आणि तो भार काही क्षण टिकावा लागतो. एक्झॉस्टमधील वायूचा प्रवाह वाढला की टर्बाइन वेग घेते, टर्बाइनने वेग घेतला की कॉम्प्रेसर हवा दाबतो, आणि ती जादा हवा जळली की प्रवाह आणखी वाढतो; या साखळीला वेळ द्यावा लागतो. गिअर फार आखूड असला की इंजिन ३००० वरून ७००० पर्यंत इतक्या झटकन चढते की पूर्ण बूस्ट येईपर्यंत गिअर बदलायची वेळ झालेली असते. बूस्ट आलाच, तर तो एकदम आणि मागच्या चाकांच्या पकडीपलीकडचा येतो, आणि गाडी पुढे जाण्याऐवजी जागीच टायर झिजवते. उलट गिअर जरा लांब असला की तोच टर्बो कमी फेऱ्यांवर पूर्ण बूस्ट देतो, कारण त्याला श्वास घ्यायला उसंत मिळते. मीटरवर पाहिले तर हा फरक डोळ्यांना दिसतो: माझ्या गाडीत दुसऱ्या गिअरमध्ये ज्या फेऱ्यांवर सुई अजून चढत असते, त्याच फेऱ्यांवर चौथ्यात ती केव्हाच स्थिरावलेली असते.

मग मी फायनल ड्राइव्हच्या आकड्यांकडे वळलो आणि याच पिढीसाठी मिळणारा ३.६३६ चा संच त्या गणितात घालून पाहिला. पहिला गिअर ३.७६० गुणिले ३.६३६, म्हणजे १३.६७, जुना होता १३.४८. दुसरा ८.२५, जुना ८.१२. तिसरा ५.९८, जुना ५.७२, चौथा ४.५७, जुना ४.३०, पाचवा ३.६४, जुना ३.५०. आणि या सगळ्यांनंतर उरतो सहावा, ३.०७. क्षणभर मला वाटले की आकडे कुठेतरी चुकले, म्हणून पुन्हा गुणून पाहिले. पहिले पाच गिअर जवळजवळ जुन्यासारखेच, आणि वर एक खरोखरचा निवांत गिअर, ज्यात ताशी १०० किलोमीटरला इंजिन साधारण २८२० फेऱ्यांवर राहते. ज्या बॉक्सला मी सहा गिअरचा समजत होतो, तो ४.३०० च्या जोडीला पाच गिअरचाच आणि खालच्या टोकाला एक फुकटचा आखूड गिअर जोडलेला बॉक्स ठरला असता, ३.६३६ च्या जोडीला तो मला हवा होता तसा झाला.

गिअर एकमेकांच्या जवळ असण्याचे कौतुकही हिशेबाने बरेच उतरले. ७००० फेऱ्यांवर पहिल्यातून दुसऱ्यात गेले, तर जुन्या बॉक्सवर इंजिन ४२१४ वर येते आणि नव्यावर ४२२४ वर. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ४९३१ विरुद्ध ५०७५. हा फरक गाडी चालवताना कोणाला जाणवत असेल, तर त्याला माझा नमस्कार. माझा टर्बो ३५०० च्या सुमारास जागा होतो, त्यामुळे दोन्ही बॉक्सवर गिअर बदलल्यानंतर इंजिन बूस्टच्या आतच पडते.

राहिला मजबुतीचा मुद्दा. गिअरबॉक्सची कुवत लोक अश्वशक्तीत विचारतात, पण दातावर पडणारा जोर टॉर्कने ठरतो. किलोवॉटमधील शक्ती म्हणजे न्यूटन-मीटर गुणिले फेरे भागिले ९५४९. ४००० फेऱ्यांवर २७० न्यूटन-मीटर म्हणजे ११३ किलोवॉट. तेवढीच शक्ती ६५०० फेऱ्यांवर १६६ न्यूटन-मीटरमध्ये मिळते. शक्ती तीच, दातावरचा भार मात्र सुमारे अडतीस टक्क्यांनी कमी. माझा तिसरा गिअर का गेला, याचे उत्तर इथेच आहे. पहिल्या-दुसऱ्यात टायर घसरून भार सोडून देतात. चौथ्याचे गुणोत्तर १.००० असल्याने जोर इनपुट शाफ्टमधून थेट आउटपुट शाफ्टला जातो आणि दातांच्या जोड्यांवर पडतच नाही. तिसऱ्यात मात्र टायरची पकडही असते आणि सगळा जोर दातांमधूनच जातो. त्यात हेलिकल, म्हणजे तिरके कापलेले, दात शाफ्टना एकमेकांपासून दूर ढकलतात, शाफ्ट किंचित वाकले की दात पूर्ण रुंदीवर टेकत नाहीत, आणि सगळा भार दाताच्या एका कोपऱ्यावर येतो. बोल्टला चिकटून आलेला तो कोपरा बहुधा असाच सुटला असावा. म्हणून बॉक्स बदलतानाच इंजिनाच्या संगणकात दुरुस्ती करून ४००० फेऱ्यांखालचा बूस्ट कमी केला. गाडी त्यामुळे फारशी मंद झालेली नाही. ॲक्सिलरेटर दाबताच बसणारा पाठीतला धक्का तेवढा कमी झाला, आणि खरे सांगायचे तर त्या धक्क्याची मला थोडी आठवण येते.

एक गोष्ट मात्र सहा गिअरच्या बाजूने नाही. पहिल्या गिअरमध्ये बॉक्समधून बाहेर पडणारा टॉर्क २७० गुणिले ३.७६०, म्हणजे सुमारे १०१५ न्यूटन-मीटर होतो. जुन्या बॉक्सवर तो ८४७ होता. चाकांना मिळणारा जोर जवळपास सारखा असला, तरी प्रॉपेलर शाफ्टला आता जास्त सोसावे लागते. क्लच म्हणूनच स्प्रिंगच्या डिस्कचा ठेवला. स्प्रिंग नसलेली कडक डिस्क टॉर्क धरून ठेवते हे खरे, पण प्रत्येक धक्का जसाच्या तसा पुढे पोचवते.

हा सहा गिअरचा वापरलेला बॉक्स घेताना विकणाऱ्याने चालू स्थितीतला आहे एवढेच सांगितले होते. मी तेल काढायला लावले. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा लेप होता, जो झिजेचा असतो आणि चालतो. कण किंवा चकत्या नव्हत्या. इनपुट शाफ्ट हाताने फिरवत प्रत्येक गिअर टाकून पाहिला, शाफ्ट वर-खाली हलवून बेअरिंगमधील सैलपणा पाहिला. सिंक्रो कसे आहेत, हे मात्र बाकावर ठेवलेल्या बॉक्सवरून नीट कळत नाही. माझ्या बॉक्सचा दुसरा गिअर थंडीत पहिली दहा मिनिटे अडतो, आणि एकूणच लिव्हर जुन्या बॉक्सइतका हातात बसत नाही. तो जुना बॉक्स गिअर बदलण्याच्या सुखाच्या बाबतीत सरस होता, यात वाद नाही.

बॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला, फायनल ड्राइव्ह ज्यात असतो तो भाग) एकाच वेळी बदलावेत. या गाडीत दोघांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब चौकट असते. बॉक्स उतरवायचा तर ती काढावीच लागते, आणि ती काढली की डिफरन्शियलचे निम्मे काम झालेलेच असते. १९९० ते १९९३ च्या १.६ लिटरच्या गाड्यांत डिफरन्शियल सहा इंची आहे. ते तसेही टर्बोपुढे टिकत नाही आणि ३.६३६ चा संच सात इंची आहे, त्यामुळे त्या गाड्यांना प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियलपासून चाकांपर्यंत जाणारे मागचे दोन्ही हाफ शाफ्टही १.८ चे लावावे लागतात.

स्पीडोमीटरचा विसर मला पडला होता. त्याला चालवणारा प्लॅस्टिकचा लहान गिअर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला बसतो आणि त्याच्या दातांची संख्या फायनल ड्राइव्हनुसार ठरलेली असते. मी जुन्या बॉक्समधला गिअर नव्यात बसवला, त्यामुळे पहिले चार दिवस गाडी ताशी १०० ने धावत असताना काटा ८५ वर होता. फेऱ्यांचा काटा २८०० च्या थोडा वर दिसत होता, आणि सहाव्या गिअरमध्ये त्याचा अर्थ काय होतो, हे तोवर मला पाठ झाले होते; म्हणूनच चूक लक्षात आली.