तिकडून कसं दिसतं

ओपनसिम्युलेटरवरच्या आभासी जगात परत तेच. माझ्या पडद्यावर मी, म्हणजे माझा अवतार, अगदी ठाकठीक, नऊवारी, अंबाडा, सगळं. शेजारच्या ग्रिडवर, म्हणजे दुसऱ्या कुणी चालवलेल्या तशाच जगात, पाऊल टाकलं की लोक विचारतात, "लोड होतेयस का अजून?" त्यांना दिसतो नुसता पांढुरका ढग आणि वर तरंगणारं नाव.

ढगाचं एवढं काही नाही. पण ॲडमिन लोकांचं "आमच्याकडे व्यवस्थित आहे" हे वाक्य डोक्यात जातं. आमच्याकडे म्हणजे नक्की कुणाकडे?

सेकंड लाइफ या आभासी जगाने अवतार बेक करायचं, म्हणजे कातडी-कपड्यांचे थर जोडून अंगावर चढवायची चित्रं करायचं, काम २०१३ मध्ये सर्व्हरकडे नेलं. ओपनसिम्युलेटरमध्ये ते अजून आपल्या व्ह्यूअरच्याच, म्हणजे हे जग दाखवणाऱ्या आपल्या संगणकावरच्या प्रोग्रॅमच्याच, गळ्यात आहे. डोकं, वरचं अंग, खालचं अंग, डोळे, केस असे थर तो जोडतो आणि तयार टेक्स्चर, म्हणजे ती चित्रं, रीजनला, म्हणजे त्या जागेच्या सर्व्हरला, पाठवतो. पाठवणं अर्धवट राहिलं तरी मी मला छान दिसते, म्हणून माझ्या स्क्रीनशॉटला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही.

ऊठसूट "कॅश (व्ह्यूअरने साठवलेल्या फायली) साफ कर" सांगणाऱ्यांना हात जोडावेत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आधी कंट्रोल-ऑल्ट-आर दाबून रीबेक. मग आकार, त्वचा, केस, डोळे तपासायचे, कारण चारांतलं एकही गायब असेल तर बेक होतच नाही. लायब्ररीतले चारही चढवून ढग विरला, तर दोष आपल्या इन्व्हेंटरीत, म्हणजे आपल्याच सामानात. नाहीच विरला तर कंट्रोल-शिफ्ट-१ करून पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत किती डेटा हरवतोय ते, बघायचा, आणि वायफायवर असाल तर व्ह्यूअरमधली बँडविड्थ फार वर ठेवायची नाही.

हे सगळं झालंय. घरच्या ग्रिडवर मी सगळ्यांना दिसते. म्हणजे गोची हायपरग्रिडच्या, एका ग्रिडवरून दुसऱ्यावर जायच्या, वाटेवर आहे. माझे कपडे, कातडी शेजाऱ्यांना आमच्या ग्रिडकडून मागवून घ्यावी लागते, बहुधा ८००२ पोर्टवरून. तिथे एक टेक्स्चर अडकलं की संपलं. आणि दोन्हीकडचे ॲडमिन आपापल्या जागी खरंच बोलत असतात! खोटं कुणी बोलत असतं तर भांडता तरी आलं असतं.

दुरुस्ती राहू दे. रीजनच्या कन्सोलवर 'अपिअरन्स शो' एवढं टाइप केलं, की कुणाची बेक टेक्स्चर पोचलीत आणि कुणाची नाहीत ते कळतं. एका ओळीचं काम. तेवढंही कुणी बघू नये, म्हणजे... जाऊ दे.

त्या रीजनचा आकडा मात्र कायम झकास, ५५ एफपीएस, म्हणजे सेकंदाला ५५ फ्रेम. सिम्युलेटर प्रत्यक्षात सेकंदाला ११ च फ्रेम चालवतो. जुन्या सवयीपायी पाचाने गुणून दाखवतो. जिथे आकड्यालाच नटवून बाहेर काढतात, तिथे माझ्या नऊवारीची काय कथा.

गुरुवारी तिकडे गप्पांना जाणारच आहे. चॅट ढगातूनही जातं. तिथे अजून एक ढग येतो म्हणे, त्याच्या तक्रारीचंही तिकीट उघडंच आहे. डावीकडे बसलेली मी, एवढं सांगून ठेवलंय.