एका डब्यात दोन बिऱ्हाडं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याचं, काम घेऊन येणारा प्रत्येक जण, कॉम्प्युटर चालू होताना काळ्या पडद्यावर विंडोज आणि लिनक्स अशी कॉम्प्युटर चालवणाऱ्या दोन प्रणालींची नावं दिसली, की हटकून विचारतो, "दोन-दोन कशाला? एकानं भागत नाही का?"

नाही भागत. त्याला कारण जुने फॉन्ट. मी वर्षानुवर्षं लग्नपत्रिका आणि मंडळांच्या स्मरणिका लावतोय, आणि जुन्या फायली सगळ्या पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांतल्या. त्या फॉन्टांत 'क' हा खरा क नसतोच. रोमन अक्षराच्या जागी क-चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट नसेल तर अध्यक्षांचं मनोगत म्हणजे नुसते कंस आणि टक्क्यांची चिन्हं! पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ सालची, आणि लिनक्ससाठी ते कधी निघालंच नाही. पण "मागच्याच वेळचं घ्या, फक्त नावं बदला" म्हणणारं मंडळ दरवर्षी येतं. म्हणून विंडोज.

मग लिनक्स? माझं मशीन म्हातारं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती त्यात नाही. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मी सरळ विंडोजचं इंटरनेट तोडलं, दुसरी एसएसडी (फायली साठवायची डिस्क) बसवून तिच्यावर लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार घातला, आणि मेल, बँक, वीजबिल सगळं तिकडे नेलं. (एकाच डिस्कचे तुकडे पाडूनही जमतं, पण चुकून भलताच तुकडा पुसला तर? मला एवढी हिंमत नव्हती.)

खरी गंमत घड्याळाची. मदरबोर्डवरचं घड्याळ एकच. विंडोज त्याला इथली वेळ समजतं, लिनक्स त्यात ग्रिनिचची वेळ ठेवतं. आपला फरक साडेपाच तासांचा. लिनक्समधून उठून सकाळी नऊला विंडोजमध्ये गेलो तर कोपऱ्यात पहाटेचे साडेतीन! नेट असतं तर विंडोजनं वेळ स्वतःच दुरुस्त केली असती, पण ते तर मीच तोडलेलं. आठवडाभर मी बोर्डावरचा बॅटरीचा सेल संपला असं धरून चाललो, नवा आणून घातलासुद्धा. उपाय निघाला लिनक्सला द्यायच्या एका ओळीच्या हुकमाचा: टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १. म्हणजे लिनक्सनंही त्या घड्याळात इथलीच वेळ ठेवायची. सेल मात्र फुकट गेला.

दुसरा फटका डिस्कचा. गिऱ्हाइकाचा मजकूर मेलनं लिनक्समध्ये येतो, तो विंडोजच्या डिस्कवर टाकायचा, तर डिस्क म्हणे फक्त वाचा, लिहू देणार नाही. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. ती चालू असली की 'शट डाउन' म्हटल्यावर ते पुरतं बंद होत नाही, आपली अर्धी अवस्था डिस्कवर साठवून निजतं. अशा डिस्कवर लिहिलं तर घोळ होईल म्हणून लिनक्स हात आखडता घेतं, आणि ते शहाणपणाचंच आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती खूण काढली, काम झालं.

रोजचा त्रास उरला तो ये-जा करण्याचा. बंद करा, चालू करा, बाण खाली, एंटर. समोर बसलेल्यांना चहा विचारायला तेवढा वेळ बरोबर पुरतो.