क्रोटनला शेजार शोधताना

पुण्यात आमच्या घरासमोर, फाटकापासून पायरीपर्यंत, १५ फूट लांब आणि ४ फूट रुंद असा मातीचा एक पट्टा आहे. तो पूर्वेकडे असल्याने तेथे सकाळी ११ वाजेपर्यंत ऊन असते आणि नंतर घराची सावली पडते. एका टोकाला मात्र शेजारच्या आंब्याची सावली बराच वेळ रेंगाळते. क्रोटनच्या पानांना रंग चढण्यासाठी भरपूर उजेड लागतो, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमधल्या दुपारच्या उन्हात तीच पाने करपतात. म्हणून हा पट्टा मी क्रोटनसाठी राखला आणि जूनमध्ये रुंद पानांचे दोन ‘पेट्रा’, पिवळ्या ठिपक्यांचा एक ‘गोल्ड डस्ट’ आणि पिळदार पानांचा एक ‘मॅमी’ अशी चार रोपे ३-३ फुटांवर लावली. जागा बदलल्यावर रुसून पाने गाळणे हा या झाडाचा स्वभावच असल्यामुळे पहिले तीन आठवडे मी फक्त मातीतला ओलावा टिकवला. नवी पालवी दिसल्यावर प्रश्न उभा राहिला तो मधल्या मोकळ्या जागेचा.

रंगीत झाडाशेजारी रंगीतच झाड शोभेल, या समजुतीने मी तांबूस ॲकॅलिफा, पिवळाजर्द ड्युरंटा आणि पुढच्या काठाला जांभळ्या पानांची ट्रॅडेस्कॅन्शिया आणली. प्रत्येक रोप सुटे पाहिले तर देखणे होते; एकत्र मात्र नजर कोठेच ठरेना, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते क्रोटन त्या गर्दीत हरवून गेले. आमचे माळीदादा क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, सगळेच नवरदेव उभे केलेत; वऱ्हाडी कुठे आहेत?” त्याच आठवड्यात मी ॲकॅलिफा आणि ड्युरंटा मागच्या अंगणात हलवले.

त्यानंतरची चूक पाण्याची होती. पांढरी सदाफुली क्रोटनच्या रंगांना उठाव देईल हा अंदाज बरोबर होता. पण क्रोटनला माती सतत थोडी ओलसर लागते, तर सदाफुलीला दोन पाण्यांच्या मध्ये माती सुकलेली बरी वाटते. क्रोटनच्या हिशेबाने पाणी देत राहिल्याने आणि वरून जुलैचा पाऊस लागल्याने सदाफुलीची मुळे कुजली. एकाच वाफ्यात दोन तऱ्हांनी पाणी देता येत नाही, ही साधी गोष्ट मला सहा रोपे गमावल्यावर उमगली. एक्झोरा या फुलझाडाची अडचण मातीची निघाली. आमची माती काळी व चुनखडीची आणि बोअरचे पाणीही जड. क्रोटन लावताना दीड फूट खणून शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि थोडी वाळू मिसळली होती, तेवढ्यावर क्रोटनने निभावून नेले, पण एक्झोराची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. ही लोह न मिळाल्याची खूण असते. अनंतालाही आम्लधर्मी माती लागते, म्हणून मनात असूनही तो आणला नाही.

सर्वांत महाग पडली ती जास्वंद. तिच्या शेंड्यांवरचे पिठ्या ढेकूण (रस शोषणारी, पांढरी पिठासारखी दिसणारी कीड) मुंग्यांच्या मदतीने महिनाभरात दोन्ही ‘पेट्रां’च्या पानांच्या बेचक्यांत पोहोचले. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने ते पुसून काढावे लागले आणि पुढे दर आठवड्याला संध्याकाळी, एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व द्रव साबणाचे थोडे थेंब मिसळून, फवारणी करावी लागली. शेजारी निवडताना त्याचा रंग पाहावा त्याहून आधी त्याची कीड पाहावी, असे आता माझे मत झाले आहे.

पुढच्या वेळी रोपे थेट जमिनीत न लावता कुंड्यांसकट पंधरा दिवस जागेवर ठेवून पाहिली आणि मोबाइलवर त्यांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. रंग वजा झाल्यावर उरतात फक्त पानांचे आकार आणि उजेड-अंधार. त्यात क्रोटन वेगळा दिसला तर जोडी जमली असे मी धरले. मागच्या बाजूला ठेंगणी तगर आली: तिची गडद हिरवी, तकतकीत पाने हा क्रोटनचा उत्तम पडदा ठरली आणि पांढरी फुले रंगांशी भांडत नाहीत. मधल्या जागेत स्पायडर लिली लावली. तिची पट्ट्यासारखी लांब पाने ‘पेट्रा’च्या रुंद पानांजवळ फार छान दिसतात आणि ओलाव्याचीही तिची तक्रार नसते. काठाला मोंडो ग्रास या गवतासारख्या बारीक पानांच्या ठेंगण्या झाडाचे आठ-आठ इंचांवर लावलेले झुबके आहेत. रंगाचा मोह एकाच ठिकाणी ठेवला: उन्हाच्या टोकाला निळा चित्रक, कारण केशरी-तांबड्या पानांजवळ तो फिकट निळा रंग अगदी खुलतो. चित्रक पसरतो, म्हणून त्याची छाटणी मात्र चुकवता येत नाही.

आंब्याखालचा ‘मॅमी’ नवी पाने हिरवीच काढू लागल्यावर त्याला उजेडात आणले आणि त्या कोपऱ्यात बोस्टन फर्न लावली. क्रोटनची मुळे वरवरच असल्यामुळे बुंध्याजवळ खुरपी चालवण्याऐवजी तेथे दोन इंच वाळका पाला पसरते. छाटताना हातमोजे घालते, कारण बाजारात क्रोटन म्हणून मिळणारे हे झाड एरंडाच्या कुळातले आहे आणि त्याच्या चिकाने कातडीची आग होऊ शकते. शास्त्रीय नावात ‘क्रोटन’ हा मान खरे तर जमालगोट्याचा आहे.

जास्वंद काढल्यामुळे मध्ये एक खड्डा अजून रिकामा आहे. परवा पहिला चांगला पाऊस झाला, तेव्हा ‘पेट्रा’च्या एका जाड फांदीवर गुटी बांधली आहे, म्हणजे नवे रोप मिळावे म्हणून फांदीची थोडी साल काढून तेथे ओले शेवाळ गुंडाळले आहे. त्या शेवाळात मुळ्या दिसायला महिना-दीड महिना लागेल, तोवर खड्ड्याच्या जागी मोंडो ग्रासच्या दोन कुंड्या ठेवल्या आहेत.