मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट नक्की कुठे?

"मार्ककृत शुभवर्तमान" हे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राचं नाव इतकं अंगवळणी पडलंय की आत एकदाही कुणी "मी मार्क" असं म्हणत नाही हे माझ्या कित्येक वर्षं लक्षातच आलं नव्हतं. मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाष्या, त्याला आठवलं तेवढं त्याने नीट लिहिलं पण क्रमाने नाही, असं सांगतो दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक पापियास, आणि त्याचंही पुस्तक हरवलंय, आपल्याला ते चौथ्या शतकातल्या इतिहासकार युसेबियसमुळे कळतं. म्हणजे ऐकीव गोष्टीची ऐकीव गोष्ट. तरी उगाचच नाव चिकटवायचं असतं तर थेट पेत्राचंच चिकटवलं असतं की, मार्क कशाला?

बहुतेक अभ्यासक हे लिखाण साधारण इ.स. 70 च्या आसपासचं धरतात, पण तेव्हाचा एक कागदही हातात नाही. 2012 मध्ये मार्कच्या प्रतीचा पहिल्या शतकातला तुकडा मिळाल्याची बोंब झाली होती, 2018 ला तो छापून आला तर निघाला दुसऱ्या शतकाच्या शेवटचा किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीचा, वर पहिल्या अध्यायातल्या जेमतेम सहा वचनांचे अवशेष. झालं.

मला खरा नाद लागलाय तो शेवटाचा. सिनाईटिकस आणि व्हॅटिकनस ही चौथ्या शतकातली दोन मोठी हस्तलिखितं, दोन्हीत मार्क 16:8 ला (सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला) थांबतो, बायका येशूच्या कबरेपासून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या घाबरल्या होत्या. बस्स! ग्रीकमध्ये तर शेवटचा शब्दच "कारण" या अर्थाचा आहे. नंतरच्या बहुतेक प्रतींत पुढे बारा वचनं येतात, विश्वास ठेवणारे सापबिप उचलतील, विष प्यायलं तरी बाधणार नाही वगैरे, आणि ती जुनी आहेत हेही खरं, कारण ख्रिस्ती लेखक आयरेनियस साधारण 180 मध्येच त्यातलं एक वचन देतो. पण त्यांत मग्दालीया मरीयेची ओळख नव्याने करून दिलीय, "जिच्यातून सात भुतं काढली होती ती", अरे बाबा, ती याच अध्यायाच्या पहिल्या वचनात येऊन गेली ना! हे दुसऱ्या कुणाचंतरी ठिगळ आहे हे मला तिथे पटलं.

शेवटचं पान हरवलं असेल असंही म्हणतात, मला नाही पटत, मला वाटतं त्याने मुद्दामच तसं सोडलं. आणि गंमत म्हणजे व्हॅटिकनसमध्ये 16:8 नंतर एक अख्खा रकाना कोरा आहे, त्यातल्या नव्या करारात एरवी पुढचं पुस्तक लगेच पुढच्या रकान्यात सुरू होतं. प्रत उतरवणाऱ्याला पुढची वचनं माहीत होती पण लिहायचं धाडस झालं नाही, असं माझं आपलं मत.