तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायची, तर पैशाचं काय?

एम.एड.चे निकाल लागले की माझा फोन सुरू होतो. कधी वसमतहून, कधी अंबाजोगाईहून, कधी जिंतूरहून. "मॅडम, पीएच.डी. करावी म्हणते. फेलोशिप किती मिळते?" विचारणाऱ्यांत जिल्हा परिषदेचे गुरुजीही असतात. त्यांचा प्रश्न जरा वेगळा असतो: नोकरी न सोडता जमतं का, आणि फेलोशिपही मिळते का? बी.एड. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईला हे सगळं माहीत असणार, असं लोक धरून चालतात. आता एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आकडा आधी सांगते, नाहीतर पुढचं कुणी वाचणार नाही. नेट म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, नंतर काम समाधानकारक असेल तर एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपचे, ४२,०००. दोन्ही मिळून पाच वर्षं. घरभाडं वेगळं. किरकोळ खर्चाला आपल्या शाखेत पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि पुढे २०,५००. फेलोशिपचे हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. वयाची अट ३० वर्षं. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत.

आकडा ऐकून घरचे खूश होतात. मी मात्र त्यांनाच विचारते, की पहिला हप्ता हातात पडेपर्यंत हिचं भागणार कसं? कारण पैसे नोंदणीच्या मागून येतात, नोंदणी गाईडच्या मागून, आणि गाईड जागा रिकामी असेल तरच. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायकाकडे चारच संशोधक असू शकतात. आपल्या भागात छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ आणि नांदेडचं विद्यापीठ, या दोन्हींच्या कक्षेत शिक्षणशास्त्राचे मान्यताप्राप्त गाईड मुळात मोजके. प्रवेश परीक्षा पास झाली, मुलाखत झाली, तरी "सरांकडे जागा नाही" हे वाक्य ऐकावं लागतंच. मग सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, समितीची बैठक, दुरुस्त्या, पुन्हा बैठक. एवढं सगळं पार पडल्यावर फेलोशिपचा कागद हलतो.

हलतो म्हणजे कसा, तेही सांगते. हिंगोली जिल्ह्यातली माझी एक विद्यार्थिनी जेआरएफवर आहे. महिना संपला की ती हजेरीचा कागद घेऊन गाईडच्या दारात उभी. त्यांची सही झाली की विभागप्रमुखांची. मग कार्यालयातला एक कर्मचारी पोर्टलवर तिची माहिती भरतो आणि दुसरा अधिकारी ती मान्य करतो. दोघांपैकी एक रजेवर, निवडणुकीच्या ड्युटीवर किंवा नुसताच जेवायला गेला, की पोरीचा महिना पुढे ढकलला. घरभाड्यासाठी वसतिगृहात जागा नसल्याचा दाखला लागतो, त्याची फेरी वेगळी. ती पोरगी खमकी आहे, कार्यालयात खुर्ची ओढून बसते. सगळ्यांना ते जमत नाही.

जेआरएफ नाही मिळाली तर राज्याच्या संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. केंद्राच्याही प्रवर्गनिहाय राष्ट्रीय फेलोशिप आहेत. एकुलत्या एक मुलीसाठी सावित्रीबाई जोतिराव फुले यांच्या नावाची यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, फेलोशिप आहे. तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी जणींना ठाऊक असतं. राज्याच्या फेलोशिपचं वेळापत्रक नेटसारखं बांधलेलं नसतं, जाहिरात येईल तेव्हा अर्ज. नोंदणीच्या तारखेपासून पूर्ण फेलोशिप द्या, या मागणीसाठी संशोधक पोरं आझाद मैदानावर जाऊन बसली होती, हे पेपरात वाचलं असेल. डिसेंबर २०२३ मध्ये तर ही मंडळी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सूर थेट विधिमंडळात निघाला. त्यावर मला जे बोलायचंय ते इथे छापण्याजोगं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. फेलोशिप मिळणार हे धरून चाला, पण ती वेळेवर मिळणार हे धरू नका. वर्षभराच्या राहण्या-खाण्याची सोय करूनच आत शिरा. सोडून गेलेली जी मुलं मी पाहिली, त्यांतली बहुतेक अभ्यासाला कंटाळून गेली नाहीत. रूमचं भाडं थकलं म्हणून गेली.

गुरुजींसाठी उत्तर सोपं आहे. अर्धवेळ पीएच.डी. करता येते. नोकरी जिथे आहे तिथली एनओसी लागते, आणि तिच्यात अभ्यासाला वेळ मिळेल, गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, मोकळं सोडू, असं स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. फेलोशिप मात्र पूर्णवेळवाल्यांनाच. पगार आणि फेलोशिप दोन्ही खिशात घालायच्या युक्त्या मला विचारू नका.

पीएच.डी.च्या अटी २०२२ च्या यूजीसी नियमावलीत आहेत आणि कागदावर त्या वाटतात तेवढ्या भयंकर नाहीत. पदव्युत्तरला ५५ टक्के, राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएसना पाच टक्के सूट. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यातही ५५ टक्के हवेत. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. फेरनोंदणी करून आणखी दोन. महिलांना त्यावर दोन वर्षं जास्त, शिवाय २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. जर्नलमध्ये पेपर छापून आलाच पाहिजे, ही देशपातळीवरची सक्ती या नियमांनी काढली. तरी "पेपर छापून देतो, प्रमाणपत्रासह" असे मेसेज व्हॉट्सॲपवर येत राहतात. आपल्या विद्यापीठाचा नियम आधी वाचा, मग पाकिटाला हात घाला.

खरी अडचण नियमावलीत लिहिलेलीच नाही. आपलं संशोधन शाळेत होतं आणि शाळा आपल्या सोयीने भरत नाही. बीडच्या बाजूची गोष्ट घ्या. ऊसतोड मजुरांच्या मुलांवर काम करायचं म्हणून किती जण येतात! जूनमध्ये शाळा उघडते, पट भरतो, पाठ्यपुस्तकं वाटली जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की वर्ग अर्धे. काही लेकरं आई-बापाबरोबर फडावर जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. ती परततात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर. तुम्हाला पूर्वचाचणी, मग तीन महिने एखादा उपक्रम, मग उत्तरचाचणी, असं करायचं असेल तर हाताशी राहतात जुलै ते सप्टेंबर. त्यातून पोळा, गणपती, गौरी वजा करा. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी ऑगस्टमध्ये आली, तर ते वर्ष गेलं. तीन वर्षांची पीएच.डी. म्हणजे शाळेचे तीन पावसाळे, आणि पहिला कोर्सवर्कमध्येच संपतो. परवानगीचा अर्ज म्हणूनच आदल्या उन्हाळ्यात द्यायचा असतो. केंद्रप्रमुखांशी ओळखही त्याच्या आधीच व्हायला हवी.

आणखी एक गोष्ट, जी एम.एड.ला असतानाच कुणीतरी सांगायला हवी. बी.एड. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमांप्रमाणे एम.एड.सोबत एखाद्या विषयातली पदव्युत्तर पदवीही लागते, दोन्हीकडे ५५ टक्के. नुसतं एम.एड. आणि वर पीएच.डी. करून मुलाखतीतून परत आलेले लोक मला माहीत आहेत. एम.ए. राहिलं असेल तर ते आधी उरका. आणि सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट, म्हणजे राज्याची तशीच परीक्षा, पास असलं तरी चालतं. नोकरी हाच उद्देश असेल तर पीएच.डी.च्या आधी त्या परीक्षेला बसा. जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशही मिळू शकतो, म्हणजे एका फीमध्ये दोन कामं.

फोन करायचाच असेल तर कास्ट व्हॅलिडिटी, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, आणि आधारला जोडलेलं बँक खातं आहे की नाही हे आधी बघून ठेवा. विषय पक्का नसला तरी चालेल. शाळा कोणती आणि तिथवर एसटी जाते का, एवढं मात्र सांगा.