कुठले?

घरी पोचून चार तास झाले. आंघोळ झाली, वरणभात झाला, हेल्मेटच्या काचेवर चिकटलेले किडेसुद्धा खरवडून झाले. तरी मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटात, कातावीन्याला भेटलेला तो म्हातारा डोक्यातून जात नाही. खरं तर घडलं काहीच नाही. त्याने एक शब्द विचारला, मी "नो" म्हणालो. एवढंच.

एल रोसारिओ सोडलं की दक्षिणेकडे ३०० किलोमीटरहून जास्त पेट्रोलपंप नाही. हे मलाही माहीत होतं आणि बरोबरच्या शिरीषलाही. पण त्याच्या केएलआर मोटरसायकलची टाकी २३ लिटरची, माझ्या रेबेलची ११, आणि वारा समोरून. "मिळेल रे कातावीन्यात," असं म्हणून तो पुढे गेला. आणि मिळालंच. रस्त्याच्या कडेला एक पिकअप, मागे निळी पिंपं, पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेलं 'गासोलिना'. चहूकडे हंपीत असतात तसे धोंडे आणि मधूनमधून ती सिरिओची झाडं, उलटी गाजरं जमिनीत खोचून ठेवल्यासारखी.

म्हाताऱ्याने नळीने कॅनमध्ये पेट्रोल घेतलं. नरसाळ्यात जुन्या बनियनचा तुकडा घातलेला, गाळायला. तोंडाने लिटर मोजत होता, उनो, दोस, त्रेस. एक थेंब सांडला नाही. झाकण लावून त्याने टाकीवर तळव्याने दोन थापा मारल्या, बैलाच्या पाठीवर मारतात तशा, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पाइसानो?"

मी म्हणालो, "नो, नो. इंडिया."

एकदा नाही, दोनदा "नो". तेच टोचतंय. तो "आह" म्हणाला आणि पैसे त्याने इंग्रजीत सांगितले, डॉलरमध्ये. शिरीषशी तो सुरुवातीपासून इंग्रजीतच बोलत होता म्हणा. शिरीषचे घारे डोळे सगळीकडे खपतात.

रात्री गेरेरो नेग्रोच्या लॉजवर मी तो शब्द फोनमध्ये बघितला. आपल्या मुलखातला, आपल्याकडचा. म्हणजे गाववाला. आपण मुंबईत म्हणतो तोच, अगदी तोच शब्द. कदाचित त्याने सहज विचारलं असेल, दिवसातून दहा जणांना विचारत असेल. पण मला इतकी घाई कसली झाली होती? तिथे कुणी माझे कागद मागत नव्हतं. पासपोर्ट, ग्रीन कार्ड, गाडीचा मेक्सिकोतला विमा (इकडचा तिकडे चालत नाही, म्हणून वेगळा काढलेला) सगळं जॅकेटच्या आत छातीशी होतं. मला कोण काय करणार होतं?

आणि हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. इथे सान डिएगोत दुकानात कुणी माझ्याशी स्पॅनिशमध्ये सुरुवात केली की माझं इंग्रजी आपोआप एक पट्टी वर चढतं. ऑफिसातल्यासारखं होतं. पंधरा वर्षं मी कुरकुरतोय की इथे आपल्याला कुणी आपलं म्हणत नाही. लग्नकार्याला नाही, दिवाळीला नाही, आजारी पडलं तर शेजारचा दार वाजवत नाही. आणि एका माणसाने वाळवंटात, स्वतःहून, आपलं म्हणून बघितलं तर

जाऊ दे.

अण्णा एसटीत बसले की तिकीट काढायच्या आधी शेजारच्याला विचारायचे, "कुठले तुम्ही?" दुसरा प्रश्न आडनावाचा. परशुराम घाट चढेपर्यंत कुठून तरी नातं निघालेलं असायचं आणि पलीकडच्या डब्यातला लाडू आमच्या हातात आलेला असायचा. मी खिडकीकडे तोंड करून बसायचो. लाडू मात्र खायचो. या महिन्यात वर्ष झालं. त्यावर आज नको.

बाकी ट्रिप छान झाली. ओहो दे लिएब्रेच्या खाडीत देवमाशीण पिल्लाला घेऊन होडीच्या इतकी जवळ आली की तिच्या फवाऱ्याने चष्मा भिजला. शिरीषने दोनशे फोटो काढले. २८व्या अक्षांशावर घड्याळ एक तास पुढे करावं लागलं. परतताना तो तास परत मिळाला. वाटेतल्या लष्करी नाक्यांवर मिसरूड न फुटलेली पोरं बंदुका घेऊन उभी असतात, प्रत्येक वेळी तेच विचारतात. दे दोंदे व्येने, आ दोंदे वा. कुठनं आलात, कुठे चाललात. एकाने पिशवी उघडायला लावली, चिवड्याचा वास घेतला आणि गुपचूप परत दिली.

परतताना कातावीन्याला थांबायचं मी ठरवलं होतं. पेट्रोल पुरणार होतं, तरी. पिकअप नव्हता. दगडाखाली दाबलेला पुठ्ठा फक्त. असता तरी मी काय बोलणार होतो? माझं स्पॅनिश चाळीस शब्दांचं, त्यातले वीस खायचे.

आज दुपारी तिहुआनाच्या बाजूला, अमेरिकेत शिरायच्या सान इसिद्रो नाक्याच्या रांगेत, शिरीष नेहमीप्रमाणे गाड्यांमधून पुढे सटकला आणि मी दोन व्हॅनच्या मध्ये अडकलो. तिथे घोंगड्या, चुरो, मातीची चित्रं विकणारे गाड्यांमधून फिरत असतात. एक जण हातात रंगीत डुकराचा गल्ला घेऊन आला. "पाइसानो!"

"सी," मी म्हणालो. हो.

मग तो मिनिटभर बोलला. मी मान हलवत राहिलो. शेवटी आलं ते, दे दोंदे? नाक्यांवरच्या पोरांच्या कृपेने एवढं कळत होतं. आता सिनालोआ म्हणू की सोनोरा? तोंडातून निघालं, "चिपळूण."

"आह, चिपलून," तो म्हणाला. जसं काही त्याची मावशी तिथे दिलेली आहे. आणि डुक्कर माझ्या मांडीवर ठेवलं. दोनशे पेसो. गाववाला म्हणून एक पेसो कमी केला नाही. अण्णांच्या गाववाल्यांनीही कधी केला नव्हता.

खिडकीतल्या ऑफिसरने विचारलं, काय आणलंय. मी म्हणालो, डुक्कर. त्याने मान वर केली. डुकराचं मांस आणण्यावरून इथे फार कटकट आहे, हे मला बोलून गेल्यावर आठवलं. मग मागे बंजी कॉर्डने बांधलेला गल्ला दाखवला. तो हसला नाही. बहुतेक त्याची शिफ्ट संपत आली होती.

फ्रीवेवर पहिल्याच खड्ड्यात गल्ल्याचा एक कान गेला. आता ओट्यावर ठेवलाय, मिक्सरच्या शेजारी. खिशातली उरलेली पेसोची चिल्लर आत टाकली आणि मग उलटा करून बघितलं. बाहेर काढायला खाली भोकच नाही.