टँकरची वाट पाहण्यात गेलेला दिवस

एप्रिल २०२४ मध्ये धारूर तालुक्यातल्या एका गावात एका बाईंकडून भरून घेतलेली एक दिनचर्या विश्लेषणात कुठे बसवावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आदल्या वर्षी पाऊस कमी झाल्याने शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांपैकी हा एक. आणि दुष्काळात बायकांचा वेळ कुठे जातो, हा माझा अभ्यासविषय.

लोकांचा वेळ कशात जातो याच्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणेच आम्हीही आदल्या दिवसाच्या पहाटे चारपासूनचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत भरतो आणि प्रत्येक कामाला तीन अंकी संकेतांक देतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत घरासाठी पाणी भरणे उत्पादक काम ठरते, घरचा स्वयंपाक मात्र ठरत नाही.

या बाईंच्या दिवसात पाणी भरण्याचा एकही रकाना नव्हता. टँकर येणार असा निरोप असल्याने त्यांनी कांदा काढणीला जाणारा टेम्पो सोडला होता, कारण टँकर विहिरीत रिकामा झाल्यावर लगेच पोहरा टाकला नाही, तर हाती गाळच लागतो. टँकर आलाच नाही; भरण्याच्या ठिकाणी वीज नव्हती, हे संध्याकाळी कळले. तोवर त्यांनी लसूण सोलला, ओट्यावर शेजारणींशी बोलल्या, थोड्या आडव्या झाल्या. “लिवा की ताई, बसूनच व्हते,” त्या म्हणाल्या. टँकर येणार नाही हे सकाळीच कळले असते तर काय केले असते, असे विचारल्यावर उत्तर तत्काळ आले: “कांद्याला गेले असते, दुसरं काय?”

नियमाने हे तास ‘गप्पा’ आणि ‘विश्रांती’ यांत जातात. माझे सहकारी म्हणतात, प्रत्यक्ष जे केले तेच नोंदवावे, नाहीतर इतर पाहण्यांशी तुलना करता येणार नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण तसे केले की दुष्काळी गावातल्या बायका अधिक निवांत दिसतात, आणि असा मोकळा वेळ दिसला की आमच्या क्षेत्रातल्या मंडळींना तो भरायला लगेच पापड आणि शेळ्यांचे जोडधंदे सुचतात.

टँकरवर जीपीएस असते. त्यावरून खेपांची बिले तपासता येतात. टँकर निघालाच नाही, एवढा निरोप मात्र गावापर्यंत वेळेत पोहोचत नाही.

सध्या मी दोन कोष्टके ठेवली आहेत. दुसऱ्यात ते तास पाण्याच्या खाती टाकले आहेत, त्यामुळे वेळेसमोर शून्य लिटर येते. आणि त्या शून्याची किंमत कांदा काढणीच्या एका दिवसाच्या मजुरीइतकी धरायची की नाही, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.